आधी तारेवरचा पक्षी ओळखा

आरोग्याच्या पानावर पक्ष्यांचं काय काम, असं तुम्ही विचाराल. शिरूर आणि दौंडच्या वस्त्यांमध्ये आम्हाला हाच प्रश्न सगळ्यात आधी विचारला गेला, तेव्हा तिथूनच सुरुवात करू.

साखर आणि बीपी असलेल्या बायांना आम्ही वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगत आलो, रोज अर्धा तास चाला. दवाखान्यात सगळ्या जणी मान डोलावतात. घरी गेल्यावर कुणीही चालत नाही. यात आळस कुठेच नाही. पहाटे पाणी भरायचं, डबे करायचे, कुणाला रांजणगावच्या कंपनीची गाडी धरायची, कुणाला कुरकुंभला जायचं, कुणाला उसात नाहीतर पोल्ट्रीवर. दिवसभर पायावर उभ्या असलेल्या बाईला ‘चाल’ म्हणणं हीच मोठी गंमत आहे. त्यात आणखी एक अडचण. बाई कामाशिवाय घराबाहेर दिसली की वस्ती लगेच विचारते, कुठं निघालीस गं? त्याला उत्तर लागतं. ‘पक्षी बघायला’ हे उत्तर पहिल्या रविवारी हसण्यावारी गेलं. तिसऱ्या रविवारी विचारणाऱ्यांपैकीच दोघी सोबत आल्या.

तेव्हापासून महिन्यातून दोन-तीन रविवार आम्ही बाया आणि पोरं घेऊन सकाळी निघतो. शिरूरला घोडनदीच्या काठानं, दौंडला भीमेच्या काठानं, कधी नुसतं वस्तीच्या मागच्या माळावर. तास-दीड तासात चालणं किती झालं याचा हिशेब कुणी करत नाही, आणि म्हणूनच ते होतं. दम कुठं लागला, गुडघा कुठं दुखला, हे मात्र आम्ही विचारून घेतो.

यासाठी दुर्बीण लागत नाही, जीप लागत नाही, हिरवी टोपी तर अजिबात लागत नाही. एक वही, एक पेन, पाण्याची बाटली आणि डोळे. ज्यांना पुढे आवड लागेल त्यांनी दुर्बिणीचा विचार नंतर करावा.

घरातलीच मोजपट्टी

नर्सिंगच्या पहिल्या वर्षी शिकवतात की पेशंटला हात लावण्याआधी नीट बघा. चेहरा, श्वास, चाल, नखं. पक्ष्यांचंही तसंच, फक्त इथे हात लावायचाच नाही.

पहिला प्रश्न रंगाचा नसतो. रंग फसवतो, उन्हाच्या विरुद्ध बाजूनं बघितलं की सगळेच पक्षी काळे दिसतात. पहिला प्रश्न आकाराचा. त्यासाठी चार पक्षी मोजपट्टीसारखे वापरा. चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा? ‘साळुंकीपेक्षा थोडा लहान, शेपूट लांब’ एवढं वहीत आलं तरी निम्मं काम झालं. मग चोच बघा. दाणे फोडणाऱ्याची चोच आखूड नि जाड, चिमणीसारखी. मासे पकडणाऱ्याची लांब भाल्यासारखी. मांस फाडणाऱ्याची आकड्यासारखी वाकडी. त्यानंतर शेपूट, पाय, बसण्याची जागा आणि तो काय करतोय ते. जमिनीवर चालतो की उड्या मारतो? शेपूट खालीवर हलवतो का? या खुणा रंगापेक्षा जास्त भरवशाच्या असतात.

आता विजेच्या तारेकडे बघा. वस्ती कितीही दाटीची असो, तार असतेच. काळा कुळकुळीत, शेपटीला टोकाशी दोन फाटे, तारेवरून झेप घेऊन हवेतला किडा पकडून परत त्याच जागी येऊन बसणारा तो कोतवाल. आकारानं लहान, पण घारीच्या आणि कावळ्याच्या मागे लागून त्यांना हाकलून लावतो. आमच्या पोरांचा हा सगळ्यात आवडता, कारण उघड आहे. कोतवालासारखाच झेप घेऊन परत येणारा, पण हिरवागार, बारीक, शेपटीच्या मधून दोन काड्या बाहेर आलेला पक्षी म्हणजे वेडा राघू. नावात राघू असला तरी पोपटाशी याचा संबंध नाही. हा माश्या नि किडे खातो. तपकिरी डोकं, पांढरी छाती, पाठ निळीशार आणि चोच लाल भडक असेल तर तो खंड्या. हा मासे खातो म्हणून तो नदीवरच दिसेल असं समजू नका. टोळ, सरडे खाऊनही तो भागवतो, त्यामुळे पाण्यापासून लांब, गटाराच्या वरच्या तारेवरही सापडतो. हिवाळ्यात तारेवर ओळीनं बसलेले, काळसर निळ्या पाठीचे, लांब पंखांचे छोटे पक्षी दिसले तर त्या भिंगऱ्या. त्या उत्तरेकडून आलेल्या पाहुण्या आहेत.

चार पक्षी झाले. घरी परत येईपर्यंत दहा होतात.

चिमणी सगळ्यांना माहीत आहे असं सगळे म्हणतात. मग नर कुठला, मादी कुठली, एवढं विचारा. नराच्या गळ्याखाली काळा डाग असतो, टाळू राखाडी असते. मादी साधी, मातकट. कावळ्यातही दोन प्रकार आहेत. मान राखाडी असलेला तो घरकावळा, आणि सगळाच काळा, जाड चोचीचा तो डोमकावळा. साळुंकीच्या डोळ्याभोवती पिवळी कातडी असते आणि उडाली की पंखात पांढरा पट्टा उघडतो. तिच्याहून लहान, डोक्यावर काळ्या केसांचा भांग पाडल्यासारखी दिसणारी ती भांगपाडी मैना. काळं डोकं, छोटासा तुरा आणि बुडाखाली लाल ठिपका असलेला लालबुड्या बुलबुल कढीपत्त्याच्या झाडावरसुद्धा घरटं करतो. शेवग्याच्या फुलांवर जांभळट काळा, वाकड्या चोचीचा, अंगठ्याएवढा पक्षी फडफडत असेल तर तो शिंजीर. उन्हाळ्याच्या दुपारी कुणीतरी दूर तांबं ठोकतंय असा टुक टुक टुक आवाज येतो, तो तांबट. तो दिसायला कठीण, कारण अंग हिरवं आणि बसतो वडा-पिंपळाच्या पानात. पण एकदा दिसला की कपाळावरचा लाल रंग आणि गळ्यावरचा पिवळा विसरत नाही.

आणि कोकीळ. गाणारी ‘ती’ नसते. गातो तो नर, काळा, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके. ती गात नाही, पण अंडी मात्र कावळ्याच्या घरट्यात घालून मोकळी होते. हे सांगितलं तेव्हा एका ताईंनी शांतपणे विचारलं, ‘आणि कावळी दुसऱ्याचं पोर सांभाळते, तिचं गाणं कोण करतं?’ त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

‘मला दिसतच नाही’

आता ज्यासाठी हे सगळं आरोग्याच्या पानावर लिहितोय, तिकडे वळू.

एका रविवारी बाभळीच्या शेंड्यावर कापशी बसली होती. पांढरी-राखाडी, खांद्यावर काळी, लाल डोळ्यांची छोटी घार. उंदीर शोधताना ती हवेत एकाच जागी पंख मारत थांबते, त्यामुळे ओळखायला सोपी. सगळी पोरं बोट दाखवत होती. सातवीतली एक मुलगी ‘हो, हो’ म्हणत होती, पण बघत होती भलत्याच फांदीकडे. जवळ घेऊन विचारलं तर म्हणाली, मला झाडच नीट दिसत नाही, फक्त हिरवं दिसतं. शाळेत ती पहिल्या बाकावर बसायची आणि शेजारणीच्या वहीतून उतरवायची. घरचे म्हणायचे, पोरीचं अभ्यासात लक्ष नाही. तिला दोन्ही डोळ्यांना जाड नंबर निघाला.

तेव्हापासून आम्ही हे मुद्दाम बघतो. पक्षी दाखवणं ही काही डोळ्यांची तपासणी नव्हे, पण ती चांगली खूण देते. सगळ्यांना तारेवरचा पक्षी दिसतोय आणि एकच मूल डोळे बारीक करतंय, मान तिरकी करतंय, तर त्याला ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात नेऊन डोळे तपासून घ्या. शाळांमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांनाही सांगा. शाळकरी मुलांना चष्मा मोफत मिळण्याची सरकारी योजना आहे. मागा, लाजू नका. मुलीला चष्मा लागला तर लग्न जमणार नाही, हे बोलणं आम्ही अजूनही ऐकतो. लग्नाचं पुढे बघू. आधी फळा दिसू द्या.

लांबचं बघण्याचा आणखी एक फायदा आहे. जी मुलं रोज बराच वेळ उघड्यावर, दिवसाच्या उजेडात असतात, त्यांना लांबचं न दिसण्याचा चष्मा लागण्याचं प्रमाण कमी असतं, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. एका खोलीत मोबाइल बघत वाढणाऱ्या मुलांसाठी ही गोष्ट लहान नाही.

संध्याकाळी दिवेलागणीच्या वेळी पक्षी बघायला नेलं आणि एखादं मूल ठेचकाळायला लागलं, अंधुक उजेडात त्याला काहीच दिसेना, तर रातांधळेपणाची शंका घ्या. ते अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे होऊ शकतं. नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाचा डोस सरकारी केंद्रात मोफत मिळतो, तो चुकवू नका. शेवग्याचा पाला, पालक, पिकलेली पपई ही महाग औषधं नाहीत.

म्हाताऱ्या माणसांचं वेगळं. एक आजी म्हणाल्या, खंड्या पूर्वी निळा असायचा, आता मळका झालाय. खंड्या आहे तसाच आहे. मोतीबिंदू वाढला की डोळ्यातल्या भिंगाला पिवळट झाक येते आणि निळा रंग आधी फिका पडतो. आजींचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात झालं. ऐकण्याचंही असंच. वय वाढलं की बारीक, उंच आवाज आधी ऐकू येईनासे होतात. पोरं म्हणतात शिंपी ओरडतोय, आजोबा म्हणतात कुठं काय, सगळं गप्प आहे. अशा वेळी चेष्टा करू नका, कान तपासा. कधीकधी नुसता मळ असतो.

टिटवी ओरडली म्हणून

वस्तीत आम्हाला सर्वात जास्त भांडावं लागलं ते टिटवीवरून. रात्री टिटवी ओरडली की कुणीतरी जाणार, हे अजून घराघरात आहे. आम्ही वॉर्डात कित्येक नाइट ड्युट्या केल्या आहेत. ज्या रात्री पेशंट गेला त्या रात्री टिटवी ओरडल्याचं नातेवाइकांच्या लक्षात राहतं. ज्या रात्री सगळे सुखरूप राहिले त्या रात्रीही ती ओरडलेली असते, पण ते कोण लक्षात ठेवणार?

टिटवी घरटं बांधत नाही. उघड्या माळावर खड्यांमध्ये ती बहुधा चार अंडी घालते, खड्यांच्याच रंगाची. कुत्रं, मुंगूस, माणूस जवळ आलं की ती आरडाओरडा करून त्याला दुसरीकडे न्यायला बघते. रात्रीही ती जागी असते. आई आपली पोरं राखते आहे, एवढाच त्या ओरडण्याचा अर्थ. लांब पिवळे पाय, काळी छाती, डोळ्यापुढे लाल कातडी, हे दिवसा एकदा नीट बघून घ्या, म्हणजे रात्री भीती वाटणार नाही. पिंगळ्याचंही तसंच. भिंतीच्या भोकात राहणारं ते मुठीएवढं घुबड किडे नि उंदीर खातं. लेप्टोस्पायरोसिससारखा आजार उंदरांच्या मुतातून पसरतो; तेव्हा पिंगळ्याला दगड मारणारा आपल्याच घराचा राखणदार हाकलतोय.

पिंडाला कावळा शिवण्याची वाट बघणं आपण सोडून दिलं. कावळ्याला बघणं सोडायचं काही कारण नाही. उलट आता तो मोकळेपणानं बघता येतो.

गिधाड कुठं गेलं

वहीत पक्ष्यांची नावं लिहून झाली की आम्ही म्हाताऱ्या माणसांकडे जातो. त्यांना विचारतो, तुमच्या वेळी होता आणि आता नाही असा कुठला पक्षी? उत्तर बहुतेक वेळा एकच येतं. गिधाड.

ते आपल्या आजोबा-पणजोबांना जेवढं माहीत होतं तेवढं क्वचितच कुणाला माहीत असेल, आणि का माहीत होतं ते आपण सगळे जाणतो. मेलेलं ढोर गावाबाहेर ओढून नेण्याचं काम कुणाच्या माथी मारलं होतं, ते सांगायला नको. आकाशात गिधाडं कशी घिरट्या घालत, त्यावरून ढोर कुठं पडलंय ते कसं कळे, कुठलं गिधाड आधी बसे, कुणाची मान लांब, कुणाच्या पाठीवर पांढरा पट्टा, हे ऐंशी ओलांडलेले एक आजोबा दौंडमध्ये आम्हाला असं सांगत होते की एखाद्या पुस्तकात मिळणार नाही. सांगताना मधेच थांबले. म्हणाले, हे कशाला लिहिता, ही काय अभिमानाची गोष्ट आहे का? आम्ही म्हटलं, ते काम लादलेलं होतं, पण बघणारे डोळे तुमचे होते. मग त्यांनी पुढचं सांगितलं.

१९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा असं सांगितलं, आणि पुढे गावोगाव आपल्या लोकांनी मार खाऊन, बहिष्कार सोसून ती कामं टाकली. ते योग्यच झालं. गिधाडं त्यामुळे गेली नाहीत. ती गेली एका औषधामुळे.

त्या औषधाचं नाव डायक्लोफेनॅक. आम्हा नर्सेसना हे नाव पाठ आहे. कंबर दुखली, गुडघा दुखला की जे इंजेक्शन कमरेवर देतात त्यातलं हे एक. तेच जनावरांना देऊ लागले. असं औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत आणि काही दिवसांत ती मरत. १९९० च्या दशकापासून पुढच्या दीड दशकात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातली संख्या नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त घटली. कारण काय ते २००४ मध्ये कळलं. २००६ मध्ये भारतानं जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आणली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या जनावरांना टोचल्या जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये त्या बाटलीचं माप एका डोसापुरतं, तीन मिलीवर आणलं. २०२३ मध्ये जनावरांसाठीच्या किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवरही बंदी आली. ज्यांच्याकडे गाई, म्हशी, शेळ्या आहेत त्यांनी डॉक्टरांना एवढंच म्हणावं, दुखण्यावर मेलॉक्सिकॅम द्या. ते गिधाडांना मारत नाही.

याचा वस्तीशी संबंध असा. गिधाडांचा थवा एक मेलेलं जनावर तासाभरात साफ करायचा. ती गेल्यावर ते मांस कुजत पडू लागलं, पाण्यात मिसळू लागलं आणि त्यावर कुत्री पोसली गेली. गिधाडं नाहीशी झाल्यामुळे भारतात २००० ते २००५ या काळात दरवर्षी अंदाजे एक लाख माणसं जास्तीची मेली, असा हिशेब दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये मांडला. गावाबाहेर, उकिरड्याजवळ घरं कुणाची असतात हे लक्षात घेतलं तर त्यात कुणाची माणसं जास्त असतील याचा अंदाज येतो.

तेव्हा कुत्रं चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या आणि सगळे डोस पूर्ण करा. जखमेतून रक्त आलं असेल तर लसीसोबत सीरमही लागतं; ते मागून घ्या. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही, म्हणून ‘बघू उद्या’ म्हणू नका.

नदीवर जाताना

भीमेला आणि घोडला जाल तेव्हा काठावरून बघा, पाण्यात उतरू नका. वरच्या शहरांचं आणि कारखान्यांचं सांडपाणी त्यात येतं. जलपर्णी माजली आहे ती उगाच नाही. पायाला जखम असेल, साखर असेल, तर त्या पाण्यापासून लांबच राहा. गुलाबी, लांबलचक काडीसारख्या पायांचा, काळ्या-पांढऱ्या अंगाचा शेकाट्या तिथे हटकून दिसतो. तो दिसला म्हणजे पाणी चांगलं आहे असं समजू नका, त्याला घाण पाणीही चालतं. काळं अंग आणि पांढरं कपाळ असलेला पाणपक्षी म्हणजे वारकरी. बुक्का नव्हे, पांढरा टिळा लावल्यासारखा. सारखी बुडी मारून भलतीकडेच वर येणारी इवलीशी टिबुकली. काठावर ध्यान लावून बसलेली मातकट ढोकरी उडाली की एकदम पांढरी दिसते, कारण पंख पांढरे असतात. ट्रॅक्टरमागे चालणारे पांढरे ते गायबगळे. हिवाळ्यात ज्वारी हुरड्याला आली की गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या भोरड्यांचे थवेच्या थवे उतरतात. त्या मध्य आशियातून येतात.

शेताच्या बांधावरून जाताना एक गोष्ट पोरांना सांगून ठेवावी लागते. आपली मुलं हातात वही घेऊन बांधावर उभी दिसली तरी काहींना ती चोरी करायला आलीत असं वाटतं. एका गावात आम्हाला अडवून आधी आडनावं विचारली गेली, मग वस्ती विचारली गेली. पक्षी कुठले बघितले, हे कुणी विचारलं नाही. आम्ही जागा सोडली नाही, वही दाखवली, आणि एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं पुढे होऊन आपल्या विहिरीवरची सुगरणीची घरटी दाखवली. तरीही मुलांना एकटं पाठवू नका. चार-पाच जण मिळून, एक मोठं माणूस सोबत, आणि शक्यतो आधी विचारून.

आणखी थोडं सावधपणाचं. मेलेला पक्षी हातानं उचलू नका, विशेषतः कावळे किंवा कोंबड्या एकदम जास्त मेल्या असतील तर. बर्ड फ्लू महाराष्ट्रात २००६ मध्ये नवापूरला आला होता, २०२१ मध्ये पुन्हा आला. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. पोल्ट्रीवर काम करणाऱ्यांनी मास्क, हातमोजे मालकाकडे मागावेत; ताप-खोकला आला तर डॉक्टरांना आपलं काम काय ते आवर्जून सांगावं. नीट शिजवलेलं अंडं आणि चिकन खायला भीती नाही. पारव्यांना खिडकीत दाणे टाकू नका. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची नि पिसांची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर फुप्फुसं कडक होतात. दमेकऱ्यांच्या घरात तर नकोच. नायलॉनचा मांजा घरात येऊ देऊ नका, तो पक्ष्यांचे पंख कापतो आणि मोटारसायकलवरच्या माणसाचा गळाही. आणि पोपट पिंजऱ्यात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, ‘आमचा लाडका आहे’ म्हटल्यानं तो कमी होत नाही.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे त्यांनी मर्लिन नावाचं मोफत ॲप घ्यावं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचं ते आहे. फोटो किंवा आवाज दिला की नाव सुचवतं. सुचवतं, एवढंच. खात्री आपल्या डोळ्यांनी करायची. मराठीत वाचायचं तर मारुती चितमपल्ली आणि किरण पुरंदरे यांची पुस्तकं वाचनालयात मागा. चितमपल्लींच्या वाढदिवसापासून सलीम अलींच्या वाढदिवसापर्यंत, म्हणजे ५ ते १२ नोव्हेंबर, महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. विहारात किंवा समाजमंदिरात त्या आठवड्यात मुलांचा एक कार्यक्रम सहज घेता येईल.

शिरूरकरांना मोर बघायला मोराची चिंचोली तालुक्यातच आहे, चिंचणीजवळ घोड धरणाचं पाणी आहे. दौंडकरांना वरवंडचा व्हिक्टोरिया तलाव जवळ. आणि वर्षातून एकदा जरा लांब जायचं तर भिगवण. दौंडहून सोलापूरच्या लाइनवरचं ते स्टेशन. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाचं फुगवट्याचं पाणी तिथे पसरलेलं आहे. त्या पाण्याखाली गावं गेली, माणसं उठली, हेही मुलांना सांगा. आता हिवाळ्यात त्याच पाण्यावर रोहित येतात, गुलाबी, लांब मानेचे, चोच वाकडी. चित्रबलाक दिसतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियाकडून येतो. कुंभारगाव, डिकसळकडे तिथलेच मच्छीमार होडीतून नेतात. भाडं आधी ठरवा, दहा जणांत वाटून घ्या, लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसू नका. फोटोसाठी थवा उडवायला होडीवाल्याला सांगू नका; हजारो मैल उडून आलेल्याला खाऊ द्या.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा तिथला चांगला काळ. पहाटे निघावं लागतं, तेव्हा साखरेच्या पेशंटनी गोळी आणि डबा दोन्ही बरोबर घ्यावं, आणि भूक लागायच्या आधी खावं.